अंदाजाखालची सही

फोन वाजला तेव्हा माझ्या टेबलावर ‘फोरकास्ट’चं कार्ड होतं. तसं ते अकरा दिवस तिथेच होतं. आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एका शब्दाला एक कार्ड, आणि एका माणसाने दिवसाला बारा कार्डं हातावेगळी करायची असा नियम, म्हणजे एका शब्दापायी मी सव्वाशेच्या वर शब्द मागे पडले होते. मुख्य संपादक येता-जाता माझ्या टेबलाकडे बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. कार्डावर त्यांच्याच अक्षरात मागच्या आवृत्तीतला अर्थ होता: भविष्य, भाकीत. मला तो खोडायचा होता, आणि नुसता खोडून भागणार नव्हतं, का खोडला ते सांगता यायला हवं होतं. फोनवर नवरा होता. तो कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. म्हणाला, बाबांच्या पोटाची तपासणी झाली, मूतखड्याच्या संशयाने गेले होते, खडा नाहीच; पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे, मोसंबीएवढी. मोसंबी हे डॉक्टर म्हणाले की तू म्हणतोयस, असं मी विचारलं. ही माझी सवय वाईट आहे, घर जळत असलं तरी मी आधी शब्द कुणाचा ते विचारीन. “डॉक्टर म्हणाले,” तो म्हणाला. पंख्याने उडू नये म्हणून कार्डावर मी टाचण्यांची डबी ठेवली आणि घरी निघाले.

सासरे हवामान खात्यात चौतीस वर्षं अंदाजाच्या टेबलावर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी आमच्या गल्लीत त्यांचं नाव ‘छत्री’ असंच आहे. ते सकाळी बाहेर पडताना हातात छत्री दिसली की सगळी गल्ली छत्र्या घेऊन निघायची, नाही दिसली की गॅलऱ्यांतून कपडे वाळत पडायचे. हे त्यांच्या कानावर गेलं त्या दिवसापासून त्यांनी छत्री घेणंच सोडलं. खात्याचा अंदाज रोज सकाळी जाहीर होतो, त्याखाली माझी सही असते, मग दारातून निघताना दुसरा बिनसहीचा अंदाज मी कशाला वाटत फिरू, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी हा माणूस अर्धं आयुष्य भिजत घरी आला. सासूबाई होत्या तोवर दारात टॉवेल घेऊन उभ्या असायच्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, की सगळ्या गावाला पाऊस सांगायचा आणि आपण ओलंचिंब व्हायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा विक्षिप्तपणा वाटला होता. माझे वडील शब्दाला पक्के नव्हते. ‘बघू’, ‘होईल’, ‘आणतो की’ ही त्यांची बोली, आणि आम्ही भावंडं त्या ‘आणतो की’ची वाट बघत खिडकीत बसायचो, डोळे मिटेपर्यंत. त्यामुळे एक वाक्य बोलायच्या आधी एवढा थांबणारा माणूस समोर आला की त्याच्याशी वागायचं कसं हेच मला ठाऊक नव्हतं. शिकायला दोन-तीन वर्षं गेली. मग मात्र मी त्यांच्यावर जीव टाकला, सख्ख्या बापावर टाकला नाही इतका, आणि हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

घरी पोचले तर ते जेवणाच्या टेबलाशी चहा पीत बसले होते. तपासणीचा लिफाफा समोर, त्यावर बशी. नवरा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा. मला बघून सासरे म्हणाले, काय सूनबाई, तुझा शब्द कुठवर आला? मला खरं तर हुंदका येत होता. त्याऐवजी मी बोलत सुटले. म्हटलं, बाबा, सहाशे वर्षांपूर्वी या शब्दाचा भविष्याशी काही संबंधच नव्हता. आधीपासून बेत करणं, तजवीज करून ठेवणं, हा त्याचा जुना अर्थ. फोर म्हणजे पुढे आणि कास्ट म्हणजे फेकणं, आणि हे फेकणं इंग्रजीला दिलं ते युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी. फासे फेकतात, जाळं फेकतात, ते फेकणं. कधीतरी त्याला मोजण्याचा, बेरजेचा अर्थही येऊन चिकटला. हवेशी त्याची गाठ पडली ती अगदी अलीकडे, दीडशे-पावणेदोनशे वर्षांत. तारायंत्रं नवी होती, वादळात किनाऱ्याला जहाजं फुटत होती, आणि एक इंग्रज आरमारी अधिकारी ठिकठिकाणची हवा तारेने मागवून दुसऱ्या दिवशीचा अंदाज वर्तमानपत्रात छापू लागला. त्याला या कामासाठी शब्द हवा होता. भविष्य सांगणाऱ्यांचे शब्द हाताशी होते, त्याने ते घेतले नाहीत. त्याने हा जुना, बेत करण्याचा आणि मोजण्याचा शब्द मुद्दाम उचलला आणि लिहून ठेवलं, की ही भाकितं नव्हेत. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली.

सासरे म्हणाले, त्याची गोष्ट, शेवटी त्याने जीव दिला त्यासकट, आम्हाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगतात, घाबरवायला. नवरा वळला, बहुधा आम्हा दोघांना वेड लागलं का ते बघायला, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पण मला सगळ्यात मोठी गंमत सांगायची राहिली होती. दहा दिवस मी ती उराशी धरून बसले होते. म्हटलं, आणि आपला अंदाज, तो फारसीतून आलेला. तिरंदाजातला, गोलंदाजातला तोच. तीर फेकणारा, गोळा फेकणारा. त्याच्याही पोटात एका बाजूला फेकणं आहे आणि दुसऱ्या बाजूला माप आहे. म्हणजे इकडे आणि तिकडे, हजारो कोसांवर, उद्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा माणसांनी हात उचलून काहीतरी पुढे फेकलं. भाकीत निराळं, ते भाकण्यातून आलं, करुणा भाकतो त्यातलं भाकणं, आणि तिकडचा प्रेडिक्टही निव्वळ बोलण्यातूनच आलेला. बोलणारे एकीकडे आणि फेकणारे एकीकडे. हे सांगताना माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशाचं हे मी ठरवलं नाही. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. नेहमीसारखे आधी थांबले. मग म्हणाले, “बरोबर आहे. बोललेलं फिरवता येतं, मी असं म्हणालोच नव्हतो म्हणता येतं. फेकलेलं कुठं पडलं ते जाऊन बघावं लागतं.” आणि लिफाफ्यावरची बशी उचलून म्हणाले, आता हे बघू.

जाऊन बघणं म्हणजे काय, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. खात्यात त्यांच्या टेबलाचा एक रिवाज होता. सरकारी नियम नव्हे. त्यांच्या आधीच्या साहेबांनी घालून दिलेला. ज्याने कालचा अंदाज लिहून सही केली, त्यानेच आजचा लिहायला घेण्याआधी, कालच्या शेजारी, लाल शाईने, प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. दुसऱ्याने लिहून चालायचं नाही. माणूस रजेवर गेला तर तो परत येईपर्यंत जागा कोरी राहायची. एका वर्षी त्यांनी सहीनिशी लिहिलं की समुद्र शांत राहील, आणि दुपारून वारा फिरला. मच्छीमारांच्या तीन होड्या परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई कचेरीच्या फाटकाशी येऊन बसली, तो अंदाज कुणी लिहिला ते विचारत. वरचे साहेब म्हणाले, सांगू नका, अंदाज खात्याचा असतो, माणसाचा नसतो. सासरे जिना उतरून खाली गेले आणि म्हणाले, मी लिहिला. मग तिने विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं? ते म्हणाले, नव्हतं. एवढंच बोलणं झालं. ती उठून जाईपर्यंत ते तिच्यासमोर उभे राहिले, पाऊण तास. मग वर आले, लाल शाईने लिहायचं ते लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीचा अंदाज बांधायला बसले. सासूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, थोडे दिवस सुट्टी घ्या. तर म्हणाले, मग उद्याचा कोण लिहील? माझा नवरा त्या वेळी सहा वर्षांचा होता. त्याला एवढंच आठवतं, की महिनाभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तेव्हापासून त्याला सगळं नक्की हवं असतं. गाडी नक्की किती वाजता, पाहुणे नक्की किती, तू नक्की येशील ना. मी त्याला यावरून पुष्कळ चिडवलं आहे, आणि आता वाटतं, जरा कमी चिडवायला हवं होतं.

आम्हाला ज्यांच्याकडे पाठवलं ते सर्जन लहान चणीचे होते, चाळिशीच्या आसपासचे, बोलताना पेनचं टोपण काढत-घालत होते. त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली आणि मधे तिला पोट काढलं. नवऱ्याने विचारलं, ऑपरेशनने बाबा नक्की बरे होतील ना. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या पंचाण्णव जणांचं नीट होतं. आणि केलं नाही तर? तर एवढा मोठा फुगवटा वर्षभरात चौघांतल्या एकाचा फुटतो, आणि फुटल्यावर फारसं काही हातात राहत नाही. नवरा म्हणाला, शंभर जणांचं मला काय करायचंय, बाबांचं सांगा. डॉक्टर म्हणाले, एकाचं सांगता येत नाही. येत असल्याचं सोंग त्यांनी केलं नाही, हे मी तेव्हाच टिपलं. सासरे इतका वेळ तो कागद बघत होते. त्यांनी विचारलं, “हे पंचाण्णव पुस्तकातले, की तुमच्या हातचे?” डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, पुस्तकातले. पण माझेही साधारण तसेच असतील. दोघं गेले असतील, आठेक वर्षांत. “असतील,” सासरे मऊपणे म्हणाले. “मोजून सांगाल? चार दिवस लागले तरी चालतील, त्यात फुटायचा असेल तर फुटेल, पण मला तुमचे हवेत.” नवऱ्याने कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर तो माझ्यावरच उखडला, की तुम्ही दोघं मिळून त्या माणसाची परीक्षा कसली घेताय. मी बाबांचा हात धरून चालत राहिले. मनात मात्र मला त्या प्रश्नाचा अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाची भीतीही वाटत होती, कारण घरातल्या माणसाच्या जिवाशी असं कौतुकाने वागायचं नसतं.

त्या चार दिवसांत नवरा आम्हाला एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे खाली काचेच्या टाकीत मासे होते आणि वर पिकल्या केसांचे, भारदस्त आवाजाचे सर्जन होते. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला न धरला आणि सासऱ्यांच्या पाठीवर थोपटून म्हणाले, आजोबा, काळजी सोडा, शंभर टक्के, पुढच्या महिन्यात जिने चढाल. नवऱ्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. एवढी वर्षं शब्दांची टरफलं काढत बसलेली मी, पण त्या ‘शंभर टक्के’ला मी लहान पोरीसारखी बिलगले. खिडकीत बसून ‘आणतो की’ची वाट बघणारी तीच मी. सासऱ्यांनी त्यांनाही विचारलं, तुमच्या हातून किती गेले? सर्जन म्हणाले, असलं अभद्र बोलायचं नाही. परत येताना गाडीत सासरे एवढंच म्हणाले, की भविष्य चांगलं सांगतात.

पाचव्या दिवशी लहान चणीच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. या खेपेला त्यांच्या हातात पेन नव्हतं, घडी घातलेला कागद होता. म्हणाले, अशी एकेचाळीस ऑपरेशनं केली. चार गेले. दोघं आठवत होते. उरलेल्या दोघांची नावं रजिस्टरमध्ये वाचली आणि मग चेहरे आठवले. “मी त्यांना विसरलो होतो,” ते म्हणाले, आणि पाणी प्यायले. त्यातला एक तर, ते म्हणाले, माझ्याच वयाचा होता. म्हणजे दहातला एक, पुस्तकाच्या दुप्पट. तुम्ही दुसरीकडे गेलात तरी मला वाईट वाटणार नाही. सासरे खुर्चीतून उठले. मला वाटलं निघाले. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला, डॉक्टरांचा हात धरला आणि विचारलं, तारीख कधीची देता?

त्यावरून घरी बाप-लेकांचं जे वाजलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. चार माणसं गेली म्हणणाऱ्याकडे जायचं आणि शंभर टक्के म्हणणाऱ्याकडे नाही, हा कुठला न्याय, नवरा विचारत होता. सासरे म्हणाले, त्यांच्याकडे किती गेले ते त्यांना माहीत नाही, याला माहीत आहे. फेकलेलं चुकून कुठं पडलं ते बघून आलेला माणूस पुढच्या वेळी हात जपून टाकतो. “आणि तरीही काही झालं तर?” नवऱ्याने विचारलं. “होऊ शकतं,” ते म्हणाले. नवरा खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले, टाचण्यांची डबी उचलली आणि पाच मिनिटांत कार्ड पुरं केलं. पहिला अर्थ, जुना: आधी बेत करणे. दुसरा: मोजून-मापून बांधलेला अंदाज, विशेषतः हवेचा. भविष्य, भाकीत, दोन्ही खोडलं. मुख्य संपादकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, साहेब, अंदाजाखाली सही करावी लागते, भाकिताखाली नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, घरी सगळं ठीक आहे ना विचारलं, आणि कार्ड पुढे पाठवलं.

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दुपारी सासरे गॅलरीत बसून पायाची नखं काढत होते. वाकलं की त्यांना दम लागत होता, म्हणून कात्री मी घेतली. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता, टाच भेगाळलेली. ते आभाळाकडे बघत नव्हते. निवृत्तीनंतर ते कधी आभाळाकडे टक लावून बघत नसत. म्हणाले, “हे बघ, ऑपरेशनमध्ये उलटं झालं तर डॉक्टर चुकला असं तुझ्या नवऱ्याला म्हणू देऊ नकोस. दहातला एक म्हणाला आहे तो. तो एक कुणीतरी असतोच.” मी नखं काढत राहिले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरचं झालं, तुमच्या मुलाचं झालं, माझं काय? मी कुणाशी बोलू? ते थांबले. मी वाट बघत होते, या माणसाच्या थांबण्यानंतर काहीतरी ऐकण्यासारखं येतंच, याची मला सवय होती. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. “ते मला नाही गं सांगता येत,” ते म्हणाले. मी दुसरा पाय मांडीवर घेतला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं. बाहेर लांब बाक होता, त्यावर आम्ही दोघं. नवऱ्याला सारखे फोन येत होते आणि प्रत्येक जण सांगत होता, सगळं छान होईल, बघ तू. तो ‘हो, हो’ म्हणत होता. अकराच्या सुमारास त्याने फोन बंद करून खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “तुला काय वाटतं?” इतक्या वर्षांत घरच्या कशाबद्दलही त्याने मला हे असं विचारलं नव्हतं. ‘छान होईल’ हे शब्द माझ्या जिभेवर आले. ते किती सोपे होते, आणि त्याला किती हवे होते. “दहातले नऊ,” मी म्हटलं. तो चिडला नाही. त्याने मान हलवली, पुन्हा एकदा हलवली, आणि माझा हात त्याच्या हातात घेऊन मांडीवर ठेवला. आम्ही दाराकडे बघत बसलो, दहातल्या नवांची वाट बघत, आणि दहाव्याचीही.

पाऊण वाजता दार उघडलं. डॉक्टर एकटेच होते, टोपी हातात, आणि त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. ते दुसऱ्या कुणाला पाठवू शकले असते. त्यांनी सांगितलं, साध्या शब्दांत, रक्त थांबेना, मग हृदय थांबलं, आम्ही पुष्कळ वेळ प्रयत्न केला. नवरा उठला आणि त्यांच्या अगदी जवळ गेला, छातीला छाती लागेल इतका. मला गॅलरीतलं बोलणं आठवलं आणि मी त्याला आवरायला उठले. डॉक्टर मागे सरले नाहीत. नवऱ्याचा आवाज मी ओळखला नाही, इतका तो हळू होता.

“तुम्ही त्यांना मोजाल ना?”

“हो,” डॉक्टर म्हणाले.

“तुमच्या हातानं?”

“माझ्या हातानं. आजच.”

नवऱ्याने मान हलवली आणि मग तो होता तिथेच खाली फरशीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. डॉक्टर तिथून गेले नाहीत. आम्ही उठेपर्यंत ते आमच्यासमोर उभे होते.